नावामागे जिवंत पेशी हवी



अंटार्क्टिकाच्या मूठभर मातीतून किंवा बर्फातून डीएनए काढला, तर आज काही दिवसांत शेकडो अनोळखी जीवाणूंचा सुगावा लागतो. मग एकेक जीवाणू वेगळा करून वाढवायचा, तपासायचा आणि जतन करायचा, हे जुने चिवट काम अजून कशाला, असा प्रश्न तरुण संशोधक विचारतात. प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे, की ध्रुवीय जीवाणूंच्या बाबतीत हे काम पूर्वीपेक्षाही निकडीचे आहे, कारण प्रजातीचे नाव हा एक दावा असतो आणि दावा दुसऱ्याला तपासता आला पाहिजे.

आपल्याच देशातले उदाहरण घ्या. अंटार्क्टिकातील शिर्माकर ओअॅसिसच्या मातीतून मिळालेल्या एका जीवाणूचे वर्णन हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्रातील शिवाजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याला स्फिंगोबॅक्टेरियम वंशात ठेवले. साधारण दोन दशकांनी, नव्या निकषांवर, तो पेडोबॅक्टर वंशातला ठरला. इतकेच नव्हे, माशांवरून नाव मिळालेली पेडोबॅक्टर पिसियम ही प्रजातीही त्याच्याशी एकरूप निघाली आणि आधीचे म्हणून अंटार्क्टिकावरून दिलेलेच नाव टिकले. हे शक्य झाले, कारण त्या जीवाणूचा टाइप स्ट्रेन, म्हणजे नाव ज्याला बांधलेले असते तो मूळ वाण, संग्रहात जिवंत होता. मूळ वर्गीकरण बदलले, पण काम वाया गेले नाही. उलट, दुरुस्त होऊ शकले म्हणूनच ते विज्ञान ठरले. टाइप स्ट्रेन किमान दोन देशांतील संग्रहांत ठेवावा, या नामकरणाच्या नियमामागचा हेतूही हाच आहे.

ध्रुवीय प्रदेशात या आग्रहाला आणखी एक कारण आहे. तिथे जीव विरळ आणि बाहेरून मिसळण्याचा धोका मोठा. अंटार्क्टिकातील व्होस्टोक सरोवरावर सुमारे पावणेचार किलोमीटर बर्फ आहे आणि त्यात पाडलेले छिद्र गोठू नये म्हणून त्यात केरोसीनयुक्त द्रव भरलेला होता. २०१३ मध्ये त्या नमुन्यांत अनोळखी जीवाणूचा डीएनए सापडल्याचे जाहीर झाले आणि लगेच ते जाहीर करणाऱ्यांच्याच संस्थेतून तो बाहेरून आलेला असल्याचे विधान आले. वाढवलेला जीवाणू हाती नव्हता, त्यामुळे वाद मिटवायला आधार नव्हता. त्याच वर्षी अंटार्क्टिकातल्याच व्हिलन्स सरोवरावरचा सुमारे ८०० मीटर बर्फ गरम पाण्याने, आणि तेही गाळून, अतिनील किरणांनी शुद्ध करून, भेदला गेला. तिथल्या पाण्यात दर मिलिलिटरला लाखाहून अधिक पेशी मिळाल्या आणि त्यांपैकी काही प्रयोगशाळेत वाढल्या. त्या निष्कर्षावर विश्वास बसतो तो या दक्षतेमुळे आणि या वाढीमुळे.

आक्षेप असा, की बहुतेक जीवाणू प्रयोगशाळेत वाढतच नाहीत. मग त्यांना नाव कधीच द्यायचे नाही का? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. जीनोमलाच टाइप मानावे, हा प्रस्ताव जीवाणूंच्या नामकरणाचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये फेटाळला आणि २०२२ मध्ये त्याच तत्त्वावर सीक्कोड ही स्वतंत्र नियमावली आली. ती सोयीची आहे आणि वापरावीही. पण ‘वाढत नाही’ याचा अर्थ अनेकदा ‘आपण थांबलो नाही’ एवढाच असतो. अलास्कातील पॉइंट बॅरोजवळच्या समुद्रबर्फातून मिळालेला सायक्रोमोनास इंग्रहॅमी उणे १२ अंश सेल्सिअसला वाढतो, मात्र दुप्पट व्हायला त्याला सुमारे दहा दिवस लागतात. नेहमीच्या इनक्युबेटरमध्ये आठवडाभर पाहून प्लेट टाकून देणाऱ्याला तो कधीच दिसला नसता. अंटार्क्टिकाच्या समुद्रातला पोलारोमोनास व्हॅक्युओलाटा ४ अंशांना सर्वांत चांगला वाढतो आणि १२ अंशांच्या वर वाढतच नाही. जनुकांवरून थंडीशी जुळवून घेण्याची क्षमता सुचते. प्रत्यक्ष मर्यादा मात्र जिवंत पेशीच दाखवते.

दुसरा आक्षेप थोडक्यात. प्रजातीची सीमा, म्हणजे जीनोमच्या सरासरी सारखेपणाची सुमारे ९५ ते ९६ टक्क्यांची रेघ, माणसाने आखलेली आहे. खरे आहे. तरीही ती सर्वांना ठाऊक आणि पडताळण्याजोगी आहे. तिच्यावर वाद घालायचा तर दोन्ही बाजूंच्या हाती तोच जीवाणू असला पाहिजे.

मित्रहो, गोव्यात राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे, पुण्यात राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे आणि अंटार्क्टिकात मैत्री आणि भारती ही स्थानके आहेत. साधने आहेत, कमी आहे ती दीर्घकाळ कल्चर सांभाळणाऱ्यांची कदर. पीएच.डी.च्या मुदतीत आणि प्रकल्पाच्या तीन वर्षांत न मावणारे हे काम आहे. म्हणून या परिषदेतर्फे मी विद्यापीठांना आणि निधी देणाऱ्या संस्थांना आवाहन करतो : थंड खोलीत महिनोन्‌महिने प्लेट्स सांभाळणाऱ्यांना कायम पदे द्या, आणि नेमणूक व बढती ठरवताना कल्चर संग्रहात जमा केलेल्या वाणाला शोधनिबंधाइतकेच मोल द्या.