प्लॉट तुझा, मर्जी कोणाची?

काही पोरं म्हणतात, प्लॉट माझ्या नावावर झाला, आता झाडं तोडीन नायतर बाहेरच्याला विकीन, माझी मर्जी. मग मी विचारते, दाव्याच्या वेळी साक्ष कोणी दिली? म्हाताऱ्या माणसांनी. दाव्याचा ठराव करून पुढे कोणी पाठवला? ग्रामसभेने. २००६ च्या वनहक्क कायद्याने प्लॉट वारसाला जातो, विकता येत नाय. लग्न झालेल्यांचा तर नवरा-बायको दोघांच्या नावाने, म्हणजे घरातसुद्धा एकट्याची मर्जी नाय! त्याच कायद्याच्या कलम ५ मध्ये जंगल, पाणी राखायचं काम आपल्यावर टाकलंय. फॉरेस्टवाल्याच्या पाया पडायचं नाय, बरोबर. पण ग्रामसभेला विचारायलाच लागेल. येत्या सभेत कुऱ्हाडबंदीचा ठराव आहे. ज्याला तोडायचंय त्याने उभं राहून सांगावं, कुठलं झाड, कशासाठी.