धर्मसत्तेचे बळ आणि तिचा जनाधार : इराणचा धडा
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



इस्लाममधील धर्मांध शक्तींचा प्रभाव वाढतो आहे की ओसरतो आहे, हा प्रश्न आपल्या देशात पुष्कळदा मुस्लिम जनतेविषयी द्वेष फैलावण्यासाठीच विचारला जातो. म्हणून त्याचे उत्तर वस्तुस्थितीच्या वर्गीय विश्लेषणानेच दिले पाहिजे. त्यासाठी इराणचे उदाहरण घेऊ.

तेथील धर्मसत्ता आकाशातून पडली नाही. तेलउद्योगाच्या राष्ट्रीयीकरणाचा कैवार घेणारे मोसादेक यांचे सरकार १९५३ मध्ये अमेरिकन व ब्रिटिश हेरखात्यांनी उलथून पाडले. पुढे शहाच्या राजवटीने डाव्यांच्या संघटना चिरडल्या. मशिदींचे जाळे मात्र शाबूत राहिले. १९७८ च्या अखेरीस तेलकामगारांच्या संपाने शहाचे कंबरडे मोडले. तरी १९७९ मध्ये सत्ता गेली ती खोमेनी यांच्या हाती.

८ मार्च १९७९ रोजी तेहरानच्या स्त्रिया हिजाबसक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. तुदेह पक्षाने मात्र साम्राज्यवादविरोध हीच कसोटी मानून नव्या राजवटीस पाठिंबा दिला. १९८३ मध्ये त्याच पक्षावर बंदी आली आणि १९८८ मध्ये हजारो राजबंद्यांना ठार करण्यात आले. साम्राज्यवादाचा प्रत्येक विरोधक लोकशाहीचा मित्र नसतो, हा धडा रक्ताची किंमत मोजून मिळालेला आहे.

दंडसत्ता आणि जनमान्यता या दोन भिन्न गोष्टी होत. १९७९ च्या सार्वमतात, अधिकृत आकड्यांनुसार, ९८ टक्क्यांहून अधिक मते इस्लामी प्रजासत्ताकाच्या बाजूने पडली. जून २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत, पहिल्या फेरीस सुमारे ४० टक्केच मतदार फिरकले. २०१८ मध्ये हफ्त तप्पेह साखर कारखान्याच्या कामगारांनी थकलेल्या वेतनासाठी संप केला. २०२२ मध्ये महसा अमिनी या तरुणीचा पोलीस कोठडीत असताना मृत्यू ओढवला आणि 'स्त्री, जीवन, स्वातंत्र्य' ही घोषणा देशभर दुमदुमली. हे बंड मुस्लिम समाजाच्या पोटातूनच उठले, हे विसरता कामा नये.

तथापि, जनाधार आटला म्हणजे सत्ता आपोआप कोसळते, असे नव्हे. वीस वर्षांच्या अमेरिकन लष्करी ताब्यानंतर २०२१ मध्ये अफगाणिस्तानात तालिबानच परतले. जून २०२५ मध्ये इस्रायल व अमेरिकेने इराणवर बॉम्बफेक केली. अशा हल्ल्यांनी धर्मसत्तेला देशभक्तीची झूल मिळते आणि आतील लढवय्यांवर देशद्रोहाचा शिक्का बसतो.

सारांश, जेथे कष्टकऱ्यांची संघटना मोडली जाते, तेथे धर्मांधता ती पोकळी भरून काढते; जेथे संघटना उभी राहते, तेथे ती मागे हटते. म्हणून मुस्लिम बांधवांच्या नागरी हक्कांचे रक्षण आणि सर्व धर्मांतील मूलतत्त्ववादाविरुद्धचा संघर्ष ही आपली दोन कामे नसून एकच काम आहे.