पेन्शन आणि आपण गृहिणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाने मला चार शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा मी पेन्शनीचा विषय घेतला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु आपल्या माहुरात मास्तर, तलाठी, ग्रामसेवक, जंगल खात्याचे लोक यांची घरे पुष्कळ आहेत, आणि त्या घरांचा म्हातारपणचा आधार पेन्शन हाच आहे. ‘ते पुरुषांचे काम’ म्हणून आपण तिकडे पाहत नाही, हे बरे नव्हे.

पहिली गोष्ट अशी की, पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नव्हे. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नकारा यांच्या खटल्यात तसा स्पष्ट निकाल दिला. पेन्शन हा केलेल्या सेवेबद्दलचा हक्क आहे. म्हणूनच पेन्शनर मंडळी १७ डिसेंबर हा आपला दिवस मानतात.

दुसरी गोष्ट, सर्वांची पेन्शन सारखी नाही. आपल्या राज्यात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नोकरीस लागलेल्यांना जुनी पेन्शन आहे. पुरी सेवा झाली असता शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम आणि वर महागाई. म्हणजे मूळ पगार चाळीस हजार असेल, तर वीस हजार. त्या तारखेपासून पुढे लागलेल्यांच्या पगारातून दरमहा शेकडा १० रुपये कापले जातात, सरकार आपला वाटा घालते, आणि तो पैसा बाजारात गुंतवतात. हाती किती येईल, हे आधी कोणी सांगू शकत नाही. याच काळजीने १४ मार्च २०२३ रोजी राज्यातील लाखो कर्मचारी संपावर गेले. सात दिवसांनी संप मिटला. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने केंद्राच्या एकीकृत योजनेस मान्यता दिली. तीत पंचवीस वर्षे सेवा झालेल्यास निम्म्या पगाराची हमी आहे. तेव्हा आपल्या घरी कोणती योजना आहे, हे प्रत्येकीने आजच विचारावे.

तिसरी गोष्ट बोलावयास जड वाटते, पण बोललेच पाहिजे. घरधनी गेल्यावर पत्नीस कुटुंब-पेन्शन मिळते. तिचा साधारण दर मूळ पगाराच्या शेकडा ३० आणि वर महागाई. आरंभीची काही वर्षे अधिक मिळते. नव्या योजनेतील माणूस नोकरीत असताना वारला, तर त्याच्या घरच्यांनाही ती घेता येईल, असा निर्णय राज्य सरकारने मार्च २०२३ मध्ये केला.

पण हक्क असला तरी कागद लागतो. माझ्या नात्यातील एका बाईचे नाव नोकरीच्या पुस्तकात सासरचे आणि बँकेत माहेरचे. दोन्ही नावांची बाई एकच, हे पटवून देण्यात तिचे अकरा महिने गेले. तेवढे दिवस तिने शेजारणींकडून उसनवारी करून पोरे जगवली. नवरा हयात असताना एक अर्ज केला असता, तर हे टळले असते.

म्हणून भगिनींनो, चार गोष्टी करा. नोकरीच्या पुस्तकात, आधारात आणि बँकेत आपले नाव एकसारखे आहे का, ते पाहा. वारस म्हणून कोणाचे नाव दिले आहे, ते विचारा. पेन्शनीचे खाते शक्य तर दोघांच्या नावे ठेवा. आणि पेन्शन चालू असेल, तर दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यास विसरू नका. आता तो फोनवरूनही देता येतो. घरातील शिकलेल्या मुलीस सांगा, ती करून देईल.

आपल्या अंगणवाडीच्या भगिनींना तर पगार नाही, मानधन आहे. त्यांनाही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी सांगितले. त्यांच्या पाठीशी मंडळाने उभे राहावे.

देवघरातील पोथी आपण जपून ठेवतो. तिच्याशेजारीच पेन्शनीच्या कागदांची पिशवी ठेवा, आणि ती उघडून वाचा. एवढेच सांगून मी आपली रजा घेते.