शहराशहरांतील राहणीखर्च आणि घरभाड्याचा प्रश्न

(बेंगळुरू येथील मराठी भाषक सभासदांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



बेंगळुरू महाग की मुंबई, हा प्रश्न आपल्या बैठकांतून वारंवार निघतो आणि दोन्ही शहरांचे निर्देशांक शेजारी मांडून त्याचे उत्तर दिले जाते. ही रीत चुकीची आहे. लेबर ब्यूरोच्या औद्योगिक कामगारांसाठीच्या ग्राहक किंमत निर्देशांकाचे पायाभूत वर्ष 2016 असून त्यात 88 केंद्रे आहेत. प्रत्येक केंद्रातील त्या वर्षीची किंमत 100 मानली जाते. म्हणजे एका शहरातील महाग खोली 100 आणि दुसऱ्या शहरातील स्वस्त खोलीही 100! पुढे भाव किती चढले एवढेच हा आकडा सांगतो. कोणत्या शहरात जगण्यास किती पैसा लागतो, हे सांगत नाही.

अर्थात त्यावर महागाई भत्ता अवलंबून असल्याने त्याचे महत्त्व कमी नाही. मुंबईच्या कामगारांनी 1963 साली सदोष निर्देशांकाविरुद्ध लढा दिला आणि सरकारला लकडावाला समितीकडून त्याची तपासणी करवून घ्यावी लागली, हे आपण विसरता कामा नये.

मग प्रदेशाप्रदेशांतील खरा फरक कोठे आहे? तांदूळ, तेल, साखर यांच्या भावात फरक पडतो, परंतु तो मर्यादित असतो, कारण माल रेल्वेने व ट्रकने हलतो. जमीन हलत नाही. म्हणून फरक प्रामुख्याने घरभाड्यात आहे. खुद्द केंद्र सरकार हे मान्य करते. आपल्या कर्मचाऱ्यांना ते शहराच्या वर्गानुसार घरभाडे भत्ता देते, आणि 1 जानेवारी 2024 पासून हे दर मूळ वेतनाच्या 30, 20 व 10 टक्के झाले. मुंबई, पुणे व बेंगळुरू वरच्या वर्गात आहेत.

परंतु किमान वेतनाचा प्रश्न आला की हेच सरकार निराळे गणित मांडते. 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने अन्न, वस्त्र, घरभाडे व इंधन यांवर आधारलेले गरजाधिष्ठित वेतनाचे सूत्र मान्य केले. 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात शिक्षण, औषधोपचार, म्हातारपण आदींसाठी 25 टक्क्यांची भर घातली. वेतन संहितेच्या 2020 च्या केंद्रीय मसुदा नियमांत मात्र घरभाडे हे अन्न व वस्त्र यांवरील खर्चाच्या 10 टक्के धरले आहे. उदाहरणार्थ, कुटुंबाचा अन्नवस्त्राचा खर्च 10,000 रुपये धरला, तर भाड्यासाठी 1,000 रुपये! पीण्यात वा बोम्मनहळ्ळीत या रकमेत कुटुंबाला कोणती खोली मिळेल? शिवाय अनेक महिन्यांच्या भाड्याएवढा ॲडव्हान्स प्रथम हाती ठेवावा लागतो, तो वेगळाच.

बेंगळुरूच्या सार्वजनिक क्षेत्रातील कामगारांनी 1980-81 साली 77 दिवसांचा संप केला. भेलच्या कामगारांइतके वेतन ही त्यांची प्रमुख मागणी होती. एचएएल, बीईएल, आयटीआय, एचएमटी व बीईएमएल या कारखान्यांचे कामगार त्यात उतरले. त्या काळी निदान काही कामगारांना कारखान्याच्या वसाहतीत घर मिळे. आजच्या कंत्राटी कामगाराला किंवा कपडे शिवणाऱ्या कामगार स्त्रीला तो आधार नाही. भाडे थेट तिच्या पगारातून जाते.

यावर मालकवर्गाचे उत्तर तयार असते: कारखाना मंड्या वा हासनकडे न्यावा, तेथे राहणे स्वस्त आहे. पण त्या स्वस्ताईचा लाभ कोणाला? एंगल्सने 1872 साली घरांच्या प्रश्नावरील लेखमालेत दाखवून दिले की, कामगाराचा निवाऱ्याचा खर्च कमी झाला की भांडवलदार मजुरीही त्या प्रमाणात खाली आणतो. कर्नाटकातील किमान वेतन विभागवार ठरते आणि कारखानदार कमी वेतनाचा विभाग शोधत फिरतो. प्रदेशांची तुलना ही अशा रीतीने एका भागातील कामगाराला दुसऱ्या भागातील कामगाराविरुद्ध उभे करण्याचे हत्यार बनते.

म्हणून आपले काम स्पष्ट आहे. प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील खोल्यांचे प्रत्यक्ष भाडे, ॲडव्हान्स, पाणी व वीज यांची नोंद करावी. या नोंदींच्या आधारे वेतनाच्या वाटाघाटींत दोन मागण्या मांडाव्यात: अन्न, वस्त्र, शिक्षण व औषधोपचार यांचा पाया देशभर एकच असावा, आणि घरभाडे प्रत्यक्ष दराने त्यावर मिळावे. मुंबईचा कामगार व बेंगळुरूचा कामगार यांत अधिक पिळला जाणारा कोण, हा वाद आपल्याला घालायचा नाही. दोघांच्या खोलीचे भाडे हिशेबात आलेच पाहिजे, यासाठी दोघांनी एकत्र लढायचे आहे.