नोकरीची मुलाखत : तयारी आणि धीर

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला 'नोकरीची मुलाखत' या विषयावर बोलावयास सांगितले आहे. मी काही मोठा अधिकारी नाही. बी.ए. झालेला, बँकेत क्लार्क म्हणून काउंटरवर बसणारा माणूस आहे. मुलाखत घेणाऱ्यांच्या खुर्चीत मी कधी बसलेलो नाही. परंतु देणाऱ्यांच्या खुर्चीत बसलो आहे, आणि गेली काही वर्षे रविवारी आपल्या अभ्यासिकेतील मुलामुलींच्या सराव मुलाखती घेत आलो आहे. त्या अनुभवावरून जे उमगले ते आपणासमोर ठेवतो. उदाहरणे बँकेची देईन, कारण ते क्षेत्र मला माहीत आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. पुष्कळ पालक विचारतात, "मुलाखत म्हणजे वशिलाच ना?" पूर्वी लहानमोठ्या प्रत्येक जागेला मुलाखत असे. १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने गट 'क' आणि गट 'ब' अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. सरकारी बँकांच्या क्लार्क भरतीतही आता मुलाखत राहिलेली नाही. मी लागलो तेव्हा ती होती. मात्र प्रोबेशनरी ऑफिसर होण्यासाठी मुलाखत आहेच. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत अंतिम २०२५ गुणांपैकी २७५ गुण मुलाखतीचे आहेत. म्हणजे वरच्या जागेचा दरवाजा मुलाखतीतूनच उघडतो. आपल्या मुलांनी खालच्या जागेवर समाधान मानू नये, असे वाटत असेल तर मुलाखतीला घाबरून चालणार नाही.

आता हिशेब पाहू, कारण आम्ही बँकवाले हिशेबाशिवाय बोलत नाही. आय.बी.पी.एस.मार्फत होणाऱ्या प्रोबेशनरी ऑफिसरच्या भरतीत मुख्य परीक्षेला ८० टक्के आणि मुलाखतीला २० टक्के वजन आहे. मुलाखत १०० गुणांची. तीत सर्वसाधारण उमेदवाराला किमान ४० टक्के, तर अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग आणि दिव्यांग उमेदवारांना ३५ टक्के गुण लागतात. समजा, मुख्य परीक्षेत तुम्हाला शंभरपैकी ४५ गुण पडले. त्याचे ८० टक्के म्हणजे ३६. मुलाखतीत ४० पडले तर त्याचे ८, एकूण ४४. मुलाखतीत ६५ पडले तर १३, एकूण ४९. जेथे एकेका गुणात अनेक उमेदवार दाटीने उभे असतात, तेथे हे पाच गुण म्हणजे नोकरी मिळणे आणि न मिळणे यातील अंतर आहे. उलट, लेखी परीक्षा कच्ची असेल तर नुसत्या गोड बोलण्याने कोणी निवडून येत नाही. हे दोन्ही ध्यानात ठेवा.

तयारीची सुरुवात कागदपत्रांपासून करा. तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली सवय येथे फार महागात पडते. मुलाखतीचे पत्र, ओळखपत्र, दहावीपासून पदवीपर्यंतच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, जातीचा दाखला, फोटो, आणि सरकारी नोकरीत असाल तर कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, यांच्या मूळ प्रती आणि झेरॉक्स एका फाइलमध्ये क्रमाने लावा. सर्व कागदांवर नाव सारखे आहे का, ते पाहा. मुलींच्या बाबतीत लग्नापूर्वीचे आणि नंतरचे नाव वेगळे असल्यास त्याचा पुरावा जोडा.

जातीच्या दाखल्याविषयी थोडे अधिक सांगतो. १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि अनुसूचित जातीतील व्यक्ती बौद्ध असली तरी तिला केंद्राच्या सवलती मिळू लागल्या. परंतु अनुसूचित जातींच्या यादीत जातींची नावे आहेत, 'बौद्ध' असे नाव तेथे नाही. म्हणून बँक, रेल्वे, विमा अशा केंद्राच्या अखत्यारीतील नोकरीसाठी दाखला केंद्राने ठरवून दिलेल्या नमुन्यात हवा, आणि त्यावर यादीतील जातीचे नाव यादीप्रमाणेच हवे. राज्याच्या कामासाठी काढलेला दाखला तेथे चालेलच असे समजू नका. अर्ज भरण्याच्या आधीच तो तपासून घ्या. टेबलावर कागद अपुरा निघाला तर वर्षभराची मेहनत तेथेच थांबते.

दुसरी तयारी स्वतःविषयीची. मुलाखत घेणाऱ्यांपुढे तुमची माहिती असते आणि पुष्कळसे प्रश्न त्यातूनच निघतात. एक कोरा कागद घ्या. त्यावर आपले नाव आणि त्याचा अर्थ, गाव, तालुका, जिल्हा, शिक्षण, छंद, आतापर्यंत केलेले काम, एवढे लिहा. प्रत्येक शब्दाखाली पाच प्रश्न काढा. गावात कोणती पिके होतात? जिल्ह्याची नदी कोणती? अग्रणी बँक कोणती? छंद 'वाचन' लिहिला असेल तर शेवटचे पुस्तक कोणते वाचले? जो छंद नाही तो लिहू नये. 'क्रिकेट' लिहिणाऱ्याला मैदानाची लांबी विचारली की घाम फुटतो.

आपल्यातील बरीच मुले कला शाखेची असतात. त्यांना हमखास विचारतात, "बी.ए. केलेत, मग बँकेत कशाला आलात?" येथे ओशाळे होण्याचे कारण नाही. बँकेच्या अधिकाऱ्याला आकड्यांइतकेच माणसांशी काम पडते. शेतकऱ्याला कर्जाची अट समजेल अशा भाषेत सांगणे, पत्राचा मसुदा नीट लिहिणे, तक्रार शांतपणे ऐकून घेणे, ही भाषा आणि समाजशास्त्र शिकलेल्या माणसाची कामे आहेत. मात्र आपल्या विषयाची उजळणी हवी. इतिहासाच्या विद्यार्थ्याला महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे वर्ष, १९२७, सांगता आले नाही तर पदवी कशाची?

तिसरी तयारी ज्या क्षेत्रात जायचे त्याची. बँकेसाठी काही गोष्टी तोंडपाठ नव्हे, तर समजलेल्या असाव्यात. रिझर्व्ह बँकेचे काम १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाले. १९ जुलै १९६९ रोजी १४ आणि १५ एप्रिल १९८० रोजी ६ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. का झाले, हा खरा प्रश्न. शेती, लहान धंदे आणि खेडी यांना कर्ज मिळत नव्हते, हे त्याचे एक मोठे कारण. १ एप्रिल २०२० च्या विलीनीकरणानंतर सरकारी बँका १२ उरल्या. ठेवींवरील विमा ४ फेब्रुवारी २०२० पासून एक लाखावरून पाच लाख झाला. हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून अधिक थकले की कर्ज अनुत्पादित धरतात. चेक तारखेपासून तीन महिने चालतो. १ मे २०२५ रोजी आपल्या राज्यातील दोन ग्रामीण बँका एकत्र होऊन एकच महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली. ही माहिती वर्तमानपत्रातून आणि बँकेतील फलकांवरूनही मिळते. जवळच्या शाखेत जा, आई-वडिलांच्या खात्याची स्लिप स्वतः भरा, पासबुकातील प्रत्येक नोंद वाचा, समजली नाही तर विचारा. आम्ही क्लार्क लोक एवढे काही चावत नाही.

बाबासाहेबांविषयी प्रश्न आला तर फक्त 'घटनेचे शिल्पकार' म्हणून थांबू नका. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. बँकेत जाऊ इच्छिणाऱ्या आपल्या मुलाला अर्थशास्त्रज्ञ बाबासाहेब ठाऊक असलेच पाहिजेत.

आरक्षणावर प्रश्न आल्यास काही मुले चिडतात, काही मान खाली घालतात. दोन्हीची गरज नाही. घटनेच्या कलम १६(४) मध्ये, ज्या मागासवर्गाला नोकऱ्यांत पुरेसे प्रतिनिधित्व नाही त्याच्यासाठी जागा राखण्याचा अधिकार राज्याला दिलेला आहे, एवढे शांतपणे सांगावे. तोच उमेदवार लेखी परीक्षा आणि मुलाखत या दोन्ही पायऱ्या चढून येथवर आला आहे, हेही सांगावे. आवाज चढवू नये.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न घेतो. "वडील काय करतात?" या साध्या प्रश्नाला आपल्या मुलांचा आवाज बसतो. आमच्या सराव मुलाखतीत एका मुलीने उत्तर दिले, ते आम्हा तिघांपैकी एकालाही ऐकू आले नाही. पुन्हा विचारले तेव्हा म्हणाली, "सफाई कामगार आहेत." आम्ही तिला म्हटले, बाळ, ते किती वाजता उठतात, घर कसे चालवतात, ते सांग. मग ती बोलू लागली. पहाटे चारला उठतात. तिच्या फीसाठी पतसंस्थेचे कर्ज काढले आणि एकही हप्ता चुकवला नाही. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून सातवीपासून बँकेच्या स्लिपा तीच भरते. आम्ही तिघे एकमेकांकडे पाहू लागलो. वेळेवर फिटलेले कर्ज आणि सातवीपासूनचा बँकेचा अनुभव! बँकेच्या मुलाखतीत याहून चांगले सांगण्यासारखे काय असते? मित्रांनो, आई-वडिलांचे काम मोठ्याने सांगा. त्यांच्या कष्टावर तुम्ही त्या खुर्चीपर्यंत पोहोचलात.

शिक्षणात खंड पडला असेल तर तोही सरळ सांगा. कोरोनाच्या काळात वडिलांचे काम गेले, म्हणून दुकानात नोकरी केली, ही लपविण्याची गोष्ट नाही. तेथे काय शिकलात ते सांगा. मुलींना लग्न आणि बदलीविषयी विचारतात. अधिकाऱ्याची बदली देशात कोठेही होऊ शकते. यावर घरी आधी बोलून घ्या. पालकांनो, "मुलीला परगावी पाठवणार का," याचे उत्तर मुलाखतीच्या आदल्या रात्री ठरवू नका.

इंग्रजीची भीती मोठी आहे. मुलाखत कोणत्या भाषेत देता येईल ते सूचनांत नीट वाचा. इंग्रजीत बोलावे लागलेच तर लहान आणि शुद्ध वाक्ये बोला. पाठ केलेला निबंध म्हणू नका. मध्येच प्रश्न आला की तो कोलमडतो. रोज पंधरा मिनिटे मोठ्याने वाचा, मोबाइलवर आपला आवाज रेकॉर्ड करून ऐका. घरात कोणाला इंग्रजी येत नसले तरी आईसमोर बसून बोला. बोलताना तुमची नजर कोठे जाते, पाय हलतो का, हे आई अचूक सांगेल.

प्रत्यक्ष दिवशी कपडे साधे, स्वच्छ, इस्त्री केलेले असावेत. कर्ज काढून सूट शिवण्याची आवश्यकता नाही. केंद्र परगावी असेल तर आदल्या दिवशीच पोहोचा. आत जाताना परवानगी घ्या, सर्वांना नमस्कार करा, बसा म्हटल्यावर बसा. ज्यांनी प्रश्न विचारला त्यांच्याकडे पाहून उत्तर द्या. प्रश्न पुरा होऊ द्या. उत्तर येत नसेल तर "सर, मला माहीत नाही" असे म्हणा. त्यात कमीपणा नाही. थापा मारल्या तर मात्र पुढचा प्रश्न तेथेच येतो. शितावरून भाताची परीक्षा करणारी माणसे समोर असतात. दहा-पंधरा मिनिटांत त्यांना एवढेच पाहायचे असते की, या मुलाच्या हाती लोकांचा पैसा विश्वासाने देता येईल का.

आणि निवड झाली नाही तर? मघाशी सांगितलेल्या मुलीची पहिल्या वर्षी निवड झाली नाही. चार दिवस ती अभ्यासिकेत आली नाही. पाचव्या दिवशी आली आणि गुणांचा कागद आमच्यापुढे ठेवला. मुलाखत चांगली झाली होती, लेखी गणितात मागे पडली होती. वर्षभर गणित केले आणि दुसऱ्या वर्षी तिची निवड झाली. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला वयात पाच वर्षांची सवलत आहे. ती रडण्यात घालवायची की गुणांचा कागद वाचण्यात, हे आपण ठरवायचे.

शेवटी संस्थेला एक विनंती. आपल्या सभागृहात एक टेबल आणि चार खुर्च्या आहेत. आपल्यात शिक्षक, पोस्टातील, बँकेतील, रेल्वेतील सभासद आहेत. त्यांनी महिन्यातून दोन रविवार दोन तास द्यावेत. ज्या घरात आजवर कोणी मुलाखत दिलेली नाही, त्या घरातील मुलाने पहिली मुलाखत परक्यांपुढे देण्याआधी आपल्या माणसांपुढे द्यावी. चुका येथे होऊ द्या. येथे झालेल्या चुकीचे गुण कोणी कापत नाही.

 येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही टेबल मांडून बसतो आहोत. फाइल घेऊन या.

जयभीम.