वाऱ्याच्या मुलुखातली माणसं

दक्षिण अमेरिकेच्या टोकाला तिएरा देल फुएगो नावाचं बेट आहे. निम्म्याहून जास्त चिलीचं, उरलेलं अर्जेंटिनाचं. लांबच्या सफरीवर निघालेले सायकलस्वार तिथे जातात ते उशुआया शहर गाठायला. ब्युनोस आयर्सहून येणारा महामार्ग क्रमांक ३ उशुआयाच्या थोडा पुढे जाऊन संपतो. तिथल्या पाटीवर ३०७९ किलोमीटर असा आकडा लिहिलेला आहे. मी त्या बेटावरून सायकल चालवली आहे.

तिथला वारा पश्चिमेचा. दक्षिण गोलार्धात ४० ते ६० अक्षांशांच्या पट्ट्यात जवळजवळ सगळा समुद्रच, त्यामुळे वारा मोकाट सुटतो. आडवी येते ती अँडीजची रांग. तिच्या पश्चिमेला पाऊस सांडून तो पूर्वेच्या माळरानावर कोरडा उतरतो. उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या डिसेंबर-जानेवारीत, त्याला सर्वाधिक जोर. ताशी १५ किलोमीटरने चाललेल्या सायकलीला समोरून ३० चा वारा लागला, तर हवेचा विरोध एकदम नऊपट होतो. आणि ३० चा वारा तिथे रोजचाच. म्हणून पहाटे उठून, वारा चढायच्या आत जमेल तेवढं अंतर कापायचं. आडवा वारा त्याहून वाईट. शेजारून ट्रक गेला की वारा क्षणभर तुटतो आणि त्याला रेलून चाललेली सायकल थेट ट्रककडे झेपावते. अशा वेळी उतरून चालावं.

शंभर किलोमीटरला एक दिवस लागेल की तीन, हे तिथे आपल्या हातात नसतं. त्या माळावर राहणाऱ्यांना हे पुरतं ठाऊक आहे. मेंढ्यांच्या मोठ्या शेतवाड्यांना तिथे एस्तान्सिया म्हणतात. धुळीनं माखलेला परका माणूस फाटकाशी उभा राहिला की मेंढपाळ आधी त्याला आत घेतो. चुलीवर पाणी चढतं, माते नावाच्या कडवट पाल्याच्या पेयानं भरलेला भोपळ्याचा पेला हातोहात फिरतो, सगळे एकाच नळीनं पितात. मग मटण, मग झोपायला कोपरा. पैसे पुढे केले तर त्यांना वाईट वाटतं. लाकडं फोडून दिली तर चालतं. नर्मदा परिक्रमेच्या वाटेवर सदाव्रत देणाऱ्यांची आठवण व्हावी, अशी ही रीत आहे. तोलुइन गावातल्या ‘ला उनियोन’ बेकरीनं तर वर्षानुवर्षं सायकलस्वारांना फुकट निवारा दिला. वाऱ्यानं पिळून निघालेल्या माणसाला ताज्या पावाचा वास येतो, तेव्हा काय वाटतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

त्याच जमिनीची दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. ती मूळची सेल्कनाम लोकांची. १९ व्या शतकाच्या अखेरीस मेंढ्यांसाठी ती बळकावली गेली आणि त्या लोकांची कत्तल झाली. आज मला जेवू घालणाऱ्या मेंढपाळाचा त्यात दोष नाही, पण त्या माळावरून जाणाऱ्यानं हे जाणून असावं.

आपल्याकडेही आता मुलंमुली सायकलवरून लांब निघतात, कोकणच्या किनाऱ्यानं, साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरून. त्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभारलेल्या नाहीत. तुमचं घर अशा रस्त्यावर असेल आणि संध्याकाळी कुणी सायकल टेकवून पाणी मागितलं, तर पाण्याबरोबर मुक्कामाचंही विचारा. पडवीत अंथरुणापुरती जागा आणि सकाळी निघताना चहा, एवढं पुष्कळ झालं.