मुखदुर्गंधी : आधी जीभ, मग गोळी

(मंडळाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेले भाषण)



मी डॉक्टर नव्हे. रेल्वेत रुळांची देखभाल पाहणारा डिप्लोमा इंजिनिअर. तरी या विषयावर बोलतो, कारण आपल्या तोंडाला वास येतो हे आपल्याला कळत नाही आणि संकोचाने दुसरे कोणी सांगत नाही. ऑफिसात माणसे चार हात लांब उभी राहतात, आणि आपण बडीशेप चघळत बसतो.

बहुतेक वेळा हा वास पोटातून नव्हे, तोंडातूनच येतो. जिभेच्या मागच्या भागावर थर साचतो. त्यात हवेशिवाय जगणारे जीवाणू अन्नकण आणि लाळेतील प्रथिने कुजवतात व हायड्रोजन सल्फाइडसारखे गंधकाचे वायू सोडतात. झोपेत लाळ कमी होते, हरतालिकेच्या उपवासात तोंड कोरडे पडते. म्हणून तेव्हा वास वाढतो.

उपाय जुनाच आहे. चरकसंहितेत जीभ खरवडण्यासाठी सोने, चांदी, तांबे, कथील किंवा पितळेची, धार नसलेली, वाकवलेली पट्टी सांगितली आहे. आपल्याला तांब्याची किंवा स्टीलची पुरे. रोज दात घासल्यावर मागून पुढे, हलक्या हाताने चार-पाच वेळा ओढावी आणि दर वेळी धुवावी.

आता प्रोबायोटिक गोळ्यांविषयी. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातील संशोधकांनी तोंडातलाच ‘के-१२’ नावाचा उपकारक जीवाणू वापरला. २००६ सालच्या छोट्या चाचणीत लोकांनी आधी तीन दिवस जंतुनाशक गुळण्या केल्या, मग या गोळ्या चघळल्या. आठवड्याभरात बहुतेकांच्या तोंडातले दुर्गंधी वायू घटले. पुढच्या चाचण्यांचे निष्कर्ष मात्र सारखे आले नाहीत. पण क्रम लक्षात घ्या : आधी सफाई, मग गोळी. चिखल धरलेल्या खडीवर नवी खडी ओतून रूळ टिकत नाही. जुनी खडी उकरून चाळावीच लागते. गोळीचेही तसेच.

तंबाखू-गुटखा चालू ठेवून हे काही उपयोगाचे नाही. दोन आठवड्यांत फरक पडला नाही किंवा हिरड्यांतून रक्त येत असेल, तर दातांच्या डॉक्टरांकडे जावे. आपल्या बेंगळुरूत व्हिक्टोरिया हॉस्पिटलजवळ सरकारी दंत महाविद्यालय आहेच.

शेवटी एक विनंती. आपल्या माणसाला चारचौघांत नव्हे, बाजूला घेऊन, पण जरूर सांगा. आणि आपल्याला कोणी सांगितले, तर रागावू नका. तो आपला हितचिंतकच समजा.

गणपती बाप्पा मोरया!